केव्हाही जेवा, कुठेही बसा

त्र्यंबक टिपणीसांना प्रश्न पडायचे. हा त्यांचा गुण की दोष, याबद्दल डोंबिवलीच्या 'शरदछाया' इमारतीत दोन मतं होती. टाकीत पाणी चढतं तेव्हा आतली हवा जाते कुठे? टपालाच्या पेटीत पाल शिरली तर पोस्टमन काय करतो? असले प्रश्न. बरं, पडले तर पडले, माणसाने गप्प बसावं! पण टिपणीस उत्तर मिळेपर्यंत बसत नसत. औषधांच्या कारखान्यात ते भांडारप्रमुख होते, त्यामुळे कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय ती आहे यावर त्यांचा विश्वासच बसत नसे.

नव्याण्णव सालच्या जानेवारीत त्यांचा मेहुणा सुधीर सुट्टीवर आला. सुधीर परदेशी प्रवासी बोटीवर इलेक्ट्रिशियन होता. तो आला की टिपणीसांना सण. त्या रविवारीही पाटावर बसल्याबसल्या त्यांनी विचारलं, "काय रे, बोटीवर नवीन काय?"

"जेवण," सुधीर म्हणाला. "आधी दोन पंगती असायच्या भावोजी. साडेसहा आणि साडेआठ. टेबल ठरलेलं, शेजारी ठरलेला. आता कंपनीने नवीनच टूम काढलीय. केव्हाही जेवा, कुठेही बसा, कोणाहीबरोबर बसा. नऊ ठिकाणी खाणं चालू असतं."

टिपणीसांचा घास हातातच राहिला. "मग भात किती लावायचा ते कळतं कसं? आणि एखादा गृहस्थ नऊच्या नऊ ठिकाणी जेवायला बसला तर?"

"बसतात की!"

सरोजताई पोळ्या करत होत्या. तव्यावरून नजर न काढता त्यांनी विचारलं, "आणि वाढतं कोण?"

"माणसं आहेत ना ताई. नुसत्या वाढायला आणि उचलायला चारशे."

"म्हणजे बाई एकदा ताटावर बसली, की मधे उठत नाही?"

"कशाला उठेल?"

सरोजताई तव्याकडेच बघत होत्या. पण पोळी करपली. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली होती आणि त्यांची पोळी करपलेली टिपणीसांनी पहिल्यांदाच पाहिली.

झालं. प्रश्न पडला. दुसऱ्या रविवारी टिपणीस पाठकोऱ्या कागदावर नोंदी करत स्वयंपाकघराच्या दारात बसले. आबांचं, म्हणजे त्यांच्या वडिलांचं, जेवण साडेदहाला. घड्याळ मागे पडेल पण आबा पडायचे नाहीत. टिपणीसांचं स्वतःचं साडेबाराला. चिरंजीवांचं, ते उठतील त्यानंतर दोन तासांनी. मग सरोजताई बसल्या. बेल वाजली, उठल्या. आबांना पाणी हवं होतं, उठल्या. दूध वर आलं, उठल्या. शेजारच्या चित्रा खांबेटे वाटीभर साखरेला आल्या, उठल्या. एकूण जेवण बारा मिनिटं, एकूण उठणं नऊ वेळा. त्यातलं सहावं उठणं टिपणीसांना लोणचं देण्यासाठी होतं. त्यांचं जेवून झालं होतं, पण नोंदी करताकरता तोंड चाळवलं होतं.

कागदाकडे बघून टिपणीसांना शरम वाटली. सुधीरच्या बोटीवर जी सोय चारशे माणसं करतात, ती या घरात पाव शतक एकटी बाई करत होती आणि हे त्यांना कागद-पेन्सिल घेतल्यावर कळलं! तिथेच त्यांनी ठरवलं. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस फेब्रुवारीत होता. त्या निमित्ताने सरोजने बोटीवर बसून, एकदाही न उठता, गरम जेवायचं. तिला मात्र आधी कारण सांगायचं नाही.

प्रवासी बोट आवाक्यात नव्हती. पण ठाण्याला खाडी होती. टिपणीसांच्या कारखान्याला लागूनच बाळकुम, आणि बाळकुमच्या गोमाजी कोळ्याची मशीनची होडी त्यांनी जेवणाच्या सुट्टीत कित्येकदा पाहिली होती. बेत ठरला. बाळकुमहून निघायचं, नागला बंदरापर्यंत जायचं, परत यायचं. होडीत तीन ठिकाणी खाणं मांडायचं आणि ज्याने त्याने आपापलं घ्यायचं.

आता दोघांनीच जायचं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण शरदछायेत कुठलीही गोष्ट दोघांत राहत नसे. सोसायटीचे सेक्रेटरी हरिहरराव खांबेटे मंत्रालयातून निवृत्त झालेले. ते जिन्यात भेटले. "ऐकलं ते खरं का टिपणीस? होडी? लाइफ जॅकेटं किती? प्रथमोपचार? आणि हो, समारंभ शाकाहारीच असावा. इमारतीच्या नावाचा प्रश्न आहे." इमारतीचं नाव कुठून आलं ते टिपणीसांना कळेना, पण त्यांनी मान डोलावली. टिपणीस कायस्थ. घरी मासळीशिवाय पान हलत नसे. पण खांबेट्यांसमोर तत्त्वासाठी उभं राहणं त्यांना पाणीकपातीच्या दिवसांत परवडण्यासारखं नव्हतं.

चित्रावहिनींनी सुचवलं की बटाटेवडे हवेतच. तळमजल्याने सुचवलं की शिळं चालणार नाही, पुऱ्या तिथल्यातिथे लाटाव्यात. कोणाचा उपास होता, कोणाला कांदा वर्ज्य, कोणाला डाळ बाधायची. टिपणीसांनी सगळं लिहून घेतलं, कारण केव्हाही आणि काहीही हेच तर बोटीचं तत्त्व! आणि लिहिलेली ती यादी त्यांनी संध्याकाळी सरोजताईंच्या हातात दिली.

"हे सगळं कोण करणार?" त्यांनी विचारलं.

"तू गं," टिपणीस उत्साहाने म्हणाले.

हे म्हणताना या माणसाला काही वाटलं का? काही वाटलं नाही. ते त्या वेळी भरती-ओहोटीचं कोष्टक बघत होते.

मग परवानगी. ठाण्याच्या एका सरकारी कचेरीत, जिचा आता पत्ताही लागणार नाही, टिपणीस तीन शनिवार गेले. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला.

"होडी मासळीची. माणसं कशाला नेताय?"

"जेवायला."

"कुठे उतरून?"

"उतरायचं नाही. होडीतच. ज्याला जेव्हा हवं तेव्हा."

कारकुनाने त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं. "साहेब, जेवायला असा रकानाच नाही. मासळी आहे, रेती आहे, देवाची पालखी आहे आणि वऱ्हाड आहे."

"मग?"

"वऱ्हाड टाकू. वराचं नाव सांगा."

टिपणीसांनी क्षणभर विचार केला आणि स्वतःचं नाव सांगितलं. वधूच्या रकान्यात सरोज टिपणीस आलं. वऱ्हाडी वीस. कारकुनाने शिक्का मारला, सही केली आणि 'शुभेच्छा' म्हणाला. त्या कागदाची एक प्रत गोमाजीकडे गेली. गोमाजीने ती ओझरती वाचली, पण त्याच्या बायकोने, आवडाबाईने, ती दोनदा वाचून घेतली. हे टिपणीसांना ठाऊक नव्हतं.

गोमाजीचं एकच म्हणणं होतं. "सायेब, आयतवारी नको. त्या दिशी दुपारी पानी उतरतंय. बुधवारी चला, नायतर सकाली नवाला निघा."

"बुधवारी लोकांना ऑफिस असतं, गोमाजी."

"पान्याला काय म्हायती ऑफिस?" गोमाजी हसला. शेवटी नऊच्या ठोक्याला निघायचं ठरलं.

त्याआधी टिपणीसांनी कार्डं छापून घेतली. एका बाजूला पदार्थ, दुसऱ्या बाजूला नियम. नियम पहिला, केव्हाही जेवा. नियम दुसरा, कुठेही बसा. नियम तिसरा त्यांनी ठळक अक्षरांत घेतला होता, कारण तो सरोजताईंसाठी होता: 'कोणीही कोणाला वाढू नये व आग्रह करू नये.' प्रत्येक बिऱ्हाडाला एक कार्ड गेलं. हरिहररावांनी शुद्धलेखन तपासून परत केलं.

तो रविवार उजाडला. सरोजताई चार दिवस उभ्या होत्या. करंज्या, पुरणपोळ्या, दहीभात, साबुदाण्याची खिचडी, वड्यांचं सारण, पुऱ्यांची कणीक, उकडलेल्या रताळ्यांचा डबा. होडीत पाय ठेवताना त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. आणि होडी? होडीला आंब्याच्या डहाळ्या, झेंडूची तोरणं, पुढच्या टोकाला, नाळीवर, नारळ. "काय हौस आहे बघा या लोकांना!" टिपणीस कौतुकाने म्हणाले.

नऊ वाजले, सहा माणसं होती. जेवण केव्हाही म्हटल्यावर लोकांनी येणंही केव्हाही धरलं होतं. कोणी साडेनऊला आलं, कोणी दहाला. चित्रावहिनी निम्म्या वाटेवरून मोरावळ्याची बरणी आणायला परत गेल्या. आबा मात्र बरोबर वेळेवर. दहा तीसला, होडी धक्क्यालाच असताना, त्यांनी कडोसरीचं घड्याळ पाहिलं, दहीभाताचा डबा उघडला, जेवले, हात धुतले आणि डोळे मिटून बसले. पावणेअकराला होडी निघाली. गोमाजी पाण्याकडे बघत काहीतरी पुटपुटत होता.

खाडी छान होती. बगळे होते, तिवरं होती, पलीकडच्या तीरावर वीटभट्ट्यांचा धूर होता. टिपणीस 'हे काय? ते काय?' करत गोमाजीला भंडावत होते आणि सरोजताई स्टोव्हवर वडे-पुऱ्या तळत होत्या. साडेबाराच्या सुमारास होडीखाली काहीतरी खसखसलं, मशीनने खोकल्यासारखं केलं आणि होडी थांबली. अर्ध्या तासात आजूबाजूला नुसता चिखल. वीत वीत लांबीचे निवटे, खाडीच्या चिखलात राहणारे ते मासे, टुणटुण उड्या मारत होते.

"आता?" हरिहररावांनी विचारलं.

"आता पानी येल तवा. चार वाजंपर," गोमाजी म्हणाला. तो घमेलं घेऊन चिखलात उतरला आणि निवटे धरू लागला.

टिपणीस डगमगले नाहीत. उलट त्यांना हायसं वाटलं. बोट उभी, माणसं रिकामी, जेवायला याहून चांगली वेळ कुठली? त्यांनी टाळी वाजवून जाहीर केलं, "मंडळी! केव्हाही!"

कोणी हललं नाही.

"घ्या ना हरिहरराव."

"छे छे, आधी तुम्ही."

"आज मी यजमान."

"मग वडीलधारी माणसं आधी. आबा जेवल्याशिवाय आम्ही कसे बसणार?"

"आबा जेवले."

"कधी? आम्ही पाहिलं नाही." हे खरंच होतं. हरिहरराव त्या वेळी धक्क्यावर लाइफ जॅकेटांची चौकशी करत होते. त्यांनी आबांच्या खांद्याला हात लावला. "आबा, दोन घास घ्या." आबांनी एक डोळा उघडला. "मी दिवसाकाठी एकदाच जेवतो," ते म्हणाले आणि डोळा मिटला. म्हणजे आबा उपाशी आहेत असंच सगळ्यांनी धरलं.

बायका म्हणाल्या, आधी पुरुष. पुरुष म्हणाले, आधी मुलं. मुलांनी बटाटेवड्याकडे हात नेला, तर आयांनी तो चापट मारून मागे आणला, चारचौघांत हावरटपणा दिसतो म्हणून. एक वाजला, दीड वाजला. तळमजल्याच्या पोटातले आवाज आता सगळ्यांना ऐकू येत होते. आपण होऊन ताट घेणं म्हणजे भुकेलेपणाची कबुली! वाढणाऱ्याने 'घ्या हो' म्हणायचं, आपण 'नको नको' म्हणायचं, त्याने वाढायचं, आपण 'किती वाढलंत!' म्हणायचं. अशीच माणसं जेवत आली होती, आणि नेमकं तेवढंच टिपणीसांनी ठळक अक्षरांत बंद केलं होतं.

सरोजताईंना बघवेना. त्या पळी घेऊन उठल्या. "घ्या ना हो चित्रावहिनी, एक तरी..."

"सरोज!" टिपणीस ओरडले. "आग्रह नाही! नियम तिसरा!"

पळी हातात धरून ती बाई होडीच्या मधोमध उभी राहिली. बसावं तर पंगत नाही, वाढावं तर नियम आडवा. तीन ठिकाणचं अन्न गार होत होतं. त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. जिला उठू द्यायचं नव्हतं, तीच तेवढी उभी होती.

होडीच्या मागच्या टोकाला आवडाबाईची चूल पेटली होती. तिथून ती बोंबलली, "काय गो बाय, नवरी अजून उपाशी कशी?"

"कोण नवरी?" हरिहररावांनी विचारलं.

"कोन म्हंजे? ही!" आवडाबाई पदराला हात पुसत पुढे आली. "नवरीच्या आधी वऱ्हाड जेवत नाय आमच्या होडीत. म्हनून तुमी बसलाव उपाशी, असा वाटला मना. शानी मानसा दिसतान, म्हनला. पन नवरीला वाढाचा कोनी? तिनंच?"

"अहो, कसली नवरी! यांच्या लग्नाला पंचवीस वर्षं..."

गोमाजी चिखलातून वर आला. त्याने प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढला आणि हरिहररावांसमोर धरला. हरिहररावांनी चष्मा बदलला. वर, त्र्यंबक टिपणीस. वधू, सरोज टिपणीस. वऱ्हाडी, वीस. खाली सही आणि गोल शिक्का. चौतीस वर्षं मंत्रालयात काढलेला माणूस दुसरं काहीही नाकारील, पण गोल शिक्का नाकारणार नाही. त्यांनी शिक्का उजेडात धरून पाहिला.

"कागद बरोबर आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "वहिनी, आपण वधू आहात. बसा."

"अहो पण राहिलेल्या पुऱ्या तळायच्यात..."

"बस गो!" आवडाबाईने त्यांच्या हातातली पळी काढून टिपणीसांच्या हातात दिली. "नवरीनं उठाचा नाय." तिने नाळीजवळ जाळ्याची घडी घातली, तिच्यावर धुतलेलं गोणपाट टाकलं आणि सरोजताईंना खांदे धरून बसवलं. मग जर्मनच्या ताटलीत तव्यावरची तांदळाची भाकरी आली आणि वाडग्यात निवट्यांचं लालभडक कालवण. वाफ सरळ नाकात.

इमारतीच्या नावाचा प्रश्न उभा होता. हरिहरराव अत्यंत बारकाईने पलीकडच्या वीटभट्ट्या पाहू लागले.

सरोजताईंनी पहिला घास घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. "आई गं," त्या हळूच म्हणाल्या, आणि ते तिखटामुळे नव्हतं.

तेवढ्याने बांध फुटला. नवरी बसली म्हटल्यावर वऱ्हाडाला कसली अडकाठी? तळमजला पुऱ्यांवर पडला, मुलं वड्यांवर पडली, चित्रावहिनी आणि बाकीच्या बायका एकमेकींना वाढू लागल्या, नियम तिसरा खाडीत गेला. टिपणीस पळी घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होते. दोरखंडात अडखळत, मशीनवर गुडघा आपटत. सरोजताईंनी न बघता ताटली पुढे केली की त्यांनी चुलीपाशी जायचं, भाकरी आणायची. तिसऱ्या खेपेला त्यांच्या लक्षात आलं की मधेच कोणीतरी पाणी मागतं, कोणीतरी लोणचं मागतं, आणि भाकरी गार होते. सहाव्या खेपेला ते धापा टाकत सरोजताईंपाशी टेकले.

"हे सगळं कशासाठी मांडलंत हो?" सरोजताईंनी विचारलं.

टिपणीसांनी खिशातून तो पाठकोरा कागद काढला. बारा मिनिटं, नऊ वेळा उठणं. "तू एकदा तरी बसून जेवावंस म्हणून," ते म्हणाले.

सरोजताईंनी कागद वाचला. बोटं चाटली. "आणि त्यासाठी मला चार दिवस उभं केलंत?"

टिपणीसांना आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधावंसं वाटलं नाही. ते खाली मान घालून बसले. सरोजताई हसल्या. हसू दाबायला गेल्या आणि मग पदरात तोंड घालून हसल्या. "आणा," त्या म्हणाल्या. "कालवण पण आणा. कोंबून नका भरू, सांडतं."

मागून चित्रावहिनींची हाक आली. "सरोजवहिनी, मीठ कुठे ठेवलंत हो?"

टिपणीसांनी धास्तावून बायकोकडे पाहिलं. तिचा हात सवयीने होडीच्या फळीला टेकला होता, अंग उचललं गेलं होतं. मग ती परत खाली बसली.

"मधल्या पिशवीत आहे," ती मोठ्याने म्हणाली. "आपापलं घ्या!"

चारला थोडा अवकाश होता तेव्हा चिखलावर पाण्याची पहिली रेघ चढली. मग निवटे गायब झाले, मग होडी एकदा डुलली, दोनदा डुलली आणि सुटी झाली. हरिहररावांनी घड्याळ पाहिलं. बाळकुमहून स्टेशन, मग डोंबिवली, आणि सहाला त्यांची सोसायटीची मीटिंग. "चला चला गोमाजी, मशीन लावा!"

गोमाजीने मशीनला हात लावला नाही. त्याने आवडाबाईकडे पाहिलं. आवडाबाईने पुढे नाळीकडे पाहिलं.

"नवरीचा झाला का जेवून?"

सरोजताईंनी वाडगा पुसून घेतला. पाणी होडीच्या कडेला चपचप वाजत होतं. त्यांनी हरिहररावांच्या घड्याळाकडे पाहिलं, वीस वऱ्हाड्यांकडे पाहिलं, आणि पळी घेऊन उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"नाही अजून," त्या म्हणाल्या. "अर्धी भाकरी घेईन म्हणते. गरम असेल तर."

टिपणीस चुलीकडे निघाले. होडी थांबली.